वरातीला बंडी जाते

वाघ पाहायचा असेल तर माझ्याकडे येऊ नका, हे मी फोनवरच सांगून टाकतो. चंद्रपुरात वाघ दाखवणारे पुष्कळ आहेत आणि ते आपलं काम चोख करतात. मी झाडं दाखवतो, नदी दाखवतो आणि लोकांना पायी चालवतो. तरी दर हंगामात एखादा माणूस निघतोच, जो दुसऱ्या दिवशी मला हळूच बाजूला घेऊन विचारतो, "वाघ नाही म्हणता, पण निदान बिबट्या?" मागे एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी अस्वलाची विष्ठा दाखवली होती. त्यांनी तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि ते समाधानाने घरी गेले. लोकांना काय पुरेल ते सांगता येत नाही.

या धंद्यात मी उशिरा आलो. त्याआधी सोळा वर्षं गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत मोजणीचं काम केलं. खड्डा किती खोल गेला, किती माल निघाला, उद्या सुरुंग कुठे लावायचा, यासाठी रोज जमीन मोजायची. मी मोजायला सुरुवात केली तेव्हा तिथे एक टेकडी होती. काम सोडलं तेव्हा नव्हती. तिच्यावर झाडं किती होती, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही, कारण ती मोजायला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. हल्ली लोकांना झाडांची नावं सांगताना कधी कधी ती टेकडी आठवते. असो.

खाणीतून एक सवय मात्र सोबत आली. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर आपलं काम उभं करायचं नाही. म्हणून जिथे माणसं न्यायची तिथे आधी आपण जाऊन यायचं, हा माझा एकुलता एक नियम. मागच्या वर्षी गेलो होतो, हे चालत नाही. जंगलात एका पावसाळ्यात बरंच काही हलतं. नाला वाट बदलतो, हातपंपाचा दांडा निघून जातो, जिथे सावलीत डबे उघडायचे ठरवलेलं असतं ते झाडच आडवं पडलेलं असतं. छत्तीसगडकडून हत्तींचा कळप येऊन बसला असेल तर सगळाच बेत रद्द.

आणि आधी जाऊन मी काय पाहतो? निसर्ग पाहतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी पाहतो की गाडी कुठे वळेल, बायकांना आडोसा कुठे आहे, पन्नाशी उलटलेल्या माणसाला टेकायला दगड कुठे आहे आणि कुणाचा पाय मुरगळला तर कोणत्या घराचं दार वाजवायचं. माझी बायको म्हणते, "मला पाहायला आला होतात तेव्हाही तुम्ही आमच्या घराच्या पायऱ्याच मोजत असाल." मोजल्या होत्या. तिला सांगितलं नाही.

तर हे आधी जाऊन येणं. शहरात या धंद्यातली मंडळी याला 'रेकी' म्हणतात. मीही सुरुवातीला म्हणायचो. एकदा गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडे एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीवाल्याने सहज विचारलं, "कुठून आले जी?" मी सांगितलं, "चंद्रपूरहून. जरा रेकी करून राह्यलो." टपरीवर सातआठ माणसं होती. एक जण अर्धा चहा ठेवून उठला आणि सायकल घेऊन निघून गेला. टपरीवाला माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चहाचे पैसे राहू द्या. तुम्ही निंगा." या भागात रेकी एक तर पोलीस करतात, नाही तर ते जंगलातले दुसरे लोक करतात, आणि दोघांपैकी कुणीही केली तरी ती गावाला महागात पडते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यात एक अर्थ होता, तोंडातून दुसराच निघाला.

त्यानंतर मी 'पाहणी' म्हणू लागलो. आरमोरीच्या पलीकडे एका धानाच्या गावात पाहणी करायला आलो म्हटलं, तर पाऊण तासात माझ्यापुढे माणसांची रांग. कुणाच्या बांधीत रानडुकरं शिरली होती, कुणाचं घर पावसाने पडलं होतं. मी सरकारी माणूस नाही हे सांगून सांगून थकलो. एक बाई शेवटी म्हणाली, "नसंल बी, पन लिहून तं घे."

मग 'पाहायला आलो' असं नुसतंच म्हणून पाहिलं. त्या गावात मला पाटावर बसवलं, पोहे दिले आणि आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मुलगा काय करतो, हे विचारेपर्यंत माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून मी आपल्या कामाला कुठलंच नाव देत नव्हतो. विचारलं तर एवढंच म्हणायचो, "असंच आलो." असंच येणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण निदान गैरसमज तरी ठरावीक नसतो.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे कोसमटोला. आणि कोसमटोल्याचं कारण म्हणजे रामटेके सिस्टर.

सिस्टर चंद्रपुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. वय एकाहत्तर. आयुष्यभर आरोग्य खात्यात परिचारिका होत्या. त्यांची एक मैत्रीण माझ्या गटातून एकदा फिरून आली होती, तिच्याकडून त्यांना कळलं की मी काही वर्षांपूर्वी कोसमटोल्याला जाऊन आलो आहे. त्यांनी निरोप पाठवून मला चहाला बोलावलं. मुलगा प्रशांतही घरात होता. तो बँकेत आहे, शांत माणूस आहे, पण त्या दिवशी हाताची घडी घालून बसला होता.

सिस्टर म्हणाल्या, "तिथे मी अकरा वर्षं होते. तुम्ही लोकांना नेता ना? मलाही न्या."

मी विचारलं, "तिथे काय पाहायचंय तुम्हाला?"

"पाहायचं काही नाही. निरोप घ्यायचा राहिलाय."

मग त्यांनी सांगितलं. कोसमटोला नदीच्या पलीकडे. त्या वेळी पूल नव्हता, पावसाळ्यात गाव तुटायचं. अशाच एका पावसाळ्यात चार दिवसांची रजा टाकून त्या अलीकडे आल्या, घरी लग्न होतं. परत निघाल्या तर नदीला पूर. अलीकडच्या गावात दोन दिवस थांबल्या. पूर उतरला नाही आणि तेवढ्यात तालुक्याहून बदलीचा हुकूम आला, ताबडतोब हजर व्हा. त्या तशाच नव्या जागी गेल्या. पुढे नवरा आजारी पडला, मुलगा लहान, जाणं झालंच नाही. पण महिन्याभराने त्यांची पत्र्याची पेटी त्यांच्यापर्यंत पोचली. गावाने पाठवली होती. डोंग्यातून नदी ओलांडून, मग बैलगाडीतून, मग एस.टी.च्या टपावरून, हातोहात.

"लुगडी घडी करून ठेवलेली होती हो," सिस्टर म्हणाल्या. "तेलाची अर्धी बाटली होती, तीसुद्धा बूच घट्ट लावून. कंगवा. एक गोष्ट कमी नव्हती. पेटी आली आणि मी काही गेले नाही. तिथे चिन्नीबाई म्हणून दाई होती, बाळंतपणं आम्ही दोघींनी मिळून केली. तिला मी जाते म्हणूनही सांगितलं नाही."

प्रशांतने हाताची घडी सोडली. तो म्हणाला, "काका, आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा करायचा आहे. तिला काही झालं तर तिथून उचलून कोण आणणार? तिचं ऐकायचं म्हटलं तर ती आजच निघेल."

सिस्टर म्हणाल्या, "तू मला विचारू नको, मी तुला विचारत नाही. आपल्या दोघांचंही नको. हे आधी जाऊन येतात ना? यांना जाऊन येऊ दे. हे हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

असा निर्णय माझ्यावर येऊन पडला. आजवर मी रस्त्याला हो किंवा नाही म्हणत आलो होतो, एका माणसाच्या इच्छेला कधी म्हणावं लागलं नव्हतं. मी खाणीतल्या माणसासारखे प्रश्न विचारले. जिना? कठडा असेल तर सातआठ पायऱ्या. सपाट रस्ता? अर्धा किलोमीटर, काठी घेऊन. शिडी? नाही. पाण्यातून, गोट्यांवरून? "पूर्वी डोक्यावर औषधाची पेटी घेऊन जायचे," त्या म्हणाल्या. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' असं धरलं.

मागच्या वेळी मी नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडली होती. पण आता तिथे पूल झाल्याचं ऐकलं होतं, म्हणून मी तसा निश्चिंत होतो. जानेवारीत पंधरा जणांचा गट तिकडे न्यायचा, जमलं तर सिस्टरही त्यातच, असा बेत धरून डिसेंबरच्या अखेरीस मोटरसायकल घेऊन निघालो. डांबरी रस्ता पूर्वीपेक्षा बराच पुढे गेला होता. अलीकडचं गाव ओलांडून नदीवर आलो.

पूल होता. चांगला भक्कम, रुंद, दोन्ही बाजूंना कठडे. फक्त त्याच्यावर जायला रस्ता नव्हता. पुलाच्या दोन्ही टोकांना मातीचा भराव घालून जो जोडरस्ता करतात, तो झालाच नव्हता. नदीच्या मधोमध, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवर, पूल आपला एकटा उभा. दोन्ही टोकांना बांबूच्या शिड्या टेकवलेल्या. वर बायकांची ये-जा दिसत होती, म्हणून मीही चढलो.

पुलावर धान वाळत घातलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका कडेला मिरच्या. आणि ठरावीक एका खांबाजवळ तीनचार जण मोबाइल कानाला लावून उभे, कारण नदीकाठी रेंज फक्त पुलावर येते. माझा पाय पडायच्या आधीच एक बाई ओरडली, "ओ भाऊ, धानावर पाय नोका देऊ. काठाकाठानं चाला."

मी काठाकाठाने चाललो. पूल उत्तम होता, पण सिस्टरच्या कामाचा नव्हता. शिडी त्या चढू शकणार नाहीत.

मग खाली उतरून नदी पाहिली. पाणी मांडीच्या खाली, तळाशी गोटे, शेवाळलेले. चालत जाणं अशक्य. पण थोडं खालच्या अंगाला वाळूत बंडीच्या चाकांचे ठसे दिसले. ताजे. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. ठसे पाण्यात शिरत होते आणि पलीकडच्या काठावर बाहेर निघत होते. म्हणजे बंडी जाते. मला एकदम हलकं वाटलं. बंडीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा घालून, वर गादी टाकून सिस्टरला बसवता आलं असतं.

तिथे एक माणूस बैल धूत होता. मी विचारलं, "भाऊ, इथून बंडी जाते का पलीकडे?"

तो म्हणाला, "नाई जात."

"हे चाकांचे ठसे?"

"ते जुने असतील."

ठशांत अजून पाणी होतं. मी पुलावर परत चढलो, फोनवर बोलून झालेल्या एकाला विचारलं. "बंडी? नाई जी. कोनतंच साधन जात नाई. लय हाल हायेत आमचे." धान वाळवणाऱ्या बाईला विचारलं. तिने आधी त्या माणसाकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "मानूस बी नाई जाऊ शकत इथून." हे ती पलीकडच्या काठावरची बाई पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभी राहून मला सांगत होती.

मी पलीकडच्या शिडीने उतरून कोसमटोल्यात गेलो. तिथेही तेच. चार माणसांना विचारलं, चौघांनी नाही म्हणून सांगितलं, तेही एकाच शब्दांत, जणू पाठ करून ठेवलं होतं. ठसे खरे की माणसं खरी? खाणीत असतो तर ठशांवर गेलो असतो. पण इथे बंडी त्यांची, बैल त्यांचे, नदी त्यांची. ते नाही म्हणतात तिथे माझ्या हो म्हणण्याला काही अर्थ नव्हता. काठावर नेऊन सिस्टरला परत फिरवायचं, यापेक्षा न नेलेलं बरं. प्रशांतला फोन करून नाही म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं आणि फोन करण्यासाठी पुन्हा पुलाकडे निघालो.

वाटेत एका घरासमोर एक म्हातारा दोरी वळत बसला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मनकूभाऊ, असं नाव मागाहून कळलं. त्याने मला सकाळपासून इकडून तिकडे जाताना पाहिलं असावं.

"बसा ना भाऊ," तो म्हणाला. "कितीदा चढता-उतरता शिडी? सर्वेवाले काय तुम्ही?"

"नाही हो."

"चालनं तं सर्वेवाल्याचं हाय."

ते खरं होतं. सोळा वर्षांत पावलं ठरावीक अंतराने पडायची सवय लागली आहे. मी म्हटलं, "होतो पूर्वी. आता नाही."

"मंग काऊन आले?"

मी दमलो होतो आणि असंच आलो म्हणायचा कंटाळा आला होता. म्हणून जे होतं ते सांगितलं. "भाऊ, मागून माणसं येणार आहेत. पंधरा जण. मी त्यांच्या आधी पुढे आलो, रस्ता कसा आहे, गाव येऊ देतं की नाही, ते विचारायला. माणसं पोचायच्या आधी एकाने यावं लागतं ना, तसा."

त्याने दोरी खाली ठेवली. "अस्सं. म्हंजे वरधावा होय तू. सरळ बोल ना मंग."

ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्नात नवरदेवाची मंडळी गावाशी पोचायच्या आधी त्यांच्यातला एक जण पुढे येतो आणि मांडवात वर्दी देतो, की आम्ही आलो, इतके जण आहोत. तो वरधावा. त्याला आधी पाणी देतात, मग गूळ, आणि मग पोटभर थट्टा. इतकी वर्षं मी जे काम करत होतो त्याला आमच्या घरातच नाव होतं आणि मी ते बाहेर शोधत होतो.

मनकूभाऊने आत हाक मारली. "ओ, पानी आना. वरधावा आला." मग माझ्याकडे वळून, "नवरदेव कोन?"

"नवरदेव नाही. नवरी आहे. एकाहत्तर वर्षांची."

आतून पाणी घेऊन आलेली सून हसली. मनकूभाऊ हसला नाही. "गुडघे?"

"एक कापलेला. एक कापायचा."

"मंग बंडी लागंल."

मी पाण्याचा गडवा हातात घेऊन त्याच्याकडे पाहत राहिलो. "बंडी जात नाही म्हणाले ना सगळे? सकाळपासून सात जणांनी सांगितलं."

"ते सर्वेले नाई जात," मनकूभाऊ म्हणाला. "वरातीले जाते."

मग त्याने समजावून सांगितलं. जोडरस्त्यासाठी गावाने अर्ज दिले होते. मध्ये कुणीतरी साहेब येऊन गेले आणि काठावर उभे राहून विचारू लागले, इथून बंडी वगैरे जाते का? कुणीतरी भाबडेपणाने हो म्हणालं. साहेब म्हणाले, मग एवढी काय घाई आहे. तेव्हापासून दोन्ही काठांनी ठरवलं होतं की पँट-शर्टातल्या माणसाने विचारलं तर इथून काहीच जात नाही. बंडी नाही, माणूस नाही, जमलं तर कुत्रंही नाही.

"तुम्ही तर तेच विचारून राह्यले होते," तो म्हणाला. "अन् तेच बूट घालून."

मला हसू आलं आणि मोकळंही वाटलं. पण सवय जात नाही. मी म्हटलं, "भाऊ, मी आधी बसून पाहतो बंडीत. माझं वजन अठ्ठ्याहत्तर, त्यांचं कमीच असेल."

"वरधाव्याचीच वरात काढतो," तो म्हणाला आणि बैल जुंपले.

आम्ही गेलो आणि परत आलो. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याला लागत नव्हतं. एके ठिकाणी डावं चाक खड्ड्यात उतरून बंडी कलली, मी मनकूभाऊला ती जागा दाखवली. तो म्हणाला, "हे आमाले मालूम हाय, तुमी बसले म्हनून दाखवून राह्यलो." येणाऱ्या दिवशी त्या खड्ड्यात गोटे भरून ठेवायचं ठरलं. परतताना मी दुसऱ्यांदा बसलो, तेव्हा काठावर सकाळचा तो बैल धुणारा उभा होता. तो म्हणाला, "जाते काय भाऊ बंडी?" मी म्हटलं, "नाही जात." तो खूश झाला.

मग मी पुलावर चढून, धान सांभाळून, त्या खांबाजवळ उभा राहिलो आणि प्रशांतला फोन लावला. "हो," मी म्हटलं.

"नक्की?"

"बंडीतून. पाणी तुंब्याच्या खाली. मी दोनदा बसून पाहिलं."

मग प्रशांत म्हणाला, "थांबा, आईला देतो." पण आईने फोन घेतला नाही. ती म्हणे काय नेसायचं ते पाहायला आत गेली होती.

फोन ठेवताना माझ्या लक्षात आलं की मी सिस्टरचं नाव कोसमटोल्यात सांगितलंच नव्हतं. फक्त एकाहत्तर वर्षांची नवरी म्हणालो होतो. पुन्हा उतरून सांगायला जावं असं एकदा वाटलं. मग राहू दिलं. चिन्नीबाई आहे की नाही, हेही मला विचारायचं धैर्य झालं नव्हतं. नसती तर 'हो' म्हणणं मला जड गेलं असतं, आणि रस्ता तर चांगला होता.

जानेवारीत आम्ही पंधरा जण गेलो. गटात नागपूरचे एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी गाडीतच मला विचारलं, "त्या गावात पाहण्यासारखं नेमकं काय आहे?" गावाच्या पुढे नदीकाठी अर्जुनाच्या जुन्या झाडांची रांग आहे, ती मी सांगितली. ते म्हणाले, "बस, एवढंच?" काठावर बंडी उभी पाहिली तेव्हा त्यांनी मला पुन्हा विचारलं, की या अनुभवासाठी वेगळे पैसे आहेत का. मी म्हटलं, ती बंडी फक्त एका माणसासाठी आहे, तुम्ही बूट काढा.

बंडीत तणीस, त्यावर दोन गोधड्या. सिस्टर पांढरी साडी नेसल्या होत्या, नोकरीतल्यासारखी. प्रशांत बंडीच्या कडेने पाण्यातून चालत होता, एक हात लाकडाला धरून. खड्ड्यावरून चाक गेलं तरी धक्का बसला नाही. मी मागे होतो आणि एवढंच पाहत होतो.

पलीकडच्या काठावर बरीच बायामाणसं जमली होती. वरात म्हटल्यावर जमणारच. बंडी थांबली. सिस्टर उतरल्या, काठी टेकून उभ्या राहिल्या. समोर बायकांमध्ये एक ठेंगणी म्हातारी होती, डोळ्यांवर हात धरून पाहत होती. तिने सिस्टरला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

"चार दिवसाची सुट्टी टाकून गेली होती ना वं?" ती म्हणाली. "एवढी सुट्टी कोन देते तुले?"

तीच चिन्नीबाई. सिस्टर काठी टेकत दोन पावलं पुढे गेल्या. मग त्या ज्या मराठीत बोलल्या ती मी त्यांच्या तोंडून चंद्रपुरात कधी ऐकली नव्हती. "आता रिटायर केलं मले."

"पेटी पोचली काय?"

"पोचली. सगळं पोचलं. तेलाची बाटली बी."

चिन्नीबाईने मागच्या बायकांकडे वळून सांगितलं, "पोचली म्हन्ते." दोनतीन म्हाताऱ्यांनी मान हलवली. इतकी वर्षं गावाला तेवढंच कळायचं राहिलं होतं. प्रशांत माझ्या बाजूला पँट पिळत उभा होता, तो बराच वेळ ती पँट पिळतच राहिला.

आम्ही अर्जुनाची झाडं पाहिली. चांगली आहेत. अधिकारी साहेबांनी एका बुंध्याला कवेत घेऊन पाहिलं, तिघांचे हात लागले. परत आलो तेव्हा सिस्टर एका अंगणात खाटेवर बसल्या होत्या आणि एकेक जण येऊन आपला जन्म कुठल्या घरात झाला ते सांगत होता. त्यातल्या एका माणसाला नातू होता.

निघायची वेळ झाली. नदी ओलांडताना मी नेहमी माणसं मोजतो, आधी एकदा आणि पलीकडे पोचल्यावर एकदा. जाताना पंधरा होती. अलीकडच्या काठावर येऊन मोजली तर सोळा भरली. पुन्हा मोजली, सोळाच. माझ्या कामात एक कमी भरलं तर काय करायचं ते मला पाठ आहे. एक जास्त भरलं तर काय करायचं, हे कधी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

बंडीत सिस्टरच्या बाजूला, तणसात पाय सोडून, चिन्नीबाई बसली होती.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही इकडे कशाला आलात? मग परत जावं लागेल ना?"

"मागच्या टायमाले हे याच काठावून गेली," ती म्हणाली. "या खेपेले मी आपल्या डोळ्यानं घालवतो."

मनकूभाऊ बैलांना पाणी दाखवत उभा होता, त्याला काही घाई नव्हती. डांबरी रस्ता तिथून अर्धा किलोमीटर. सिस्टरनी काठी प्रशांतकडे दिली आणि चिन्नीबाईचा हात धरला. दोघी मिळून निघाल्या, बाकीचे त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने. गाडीपर्यंत आम्ही सोळाच होतो.